गुनवोरची खुर्ची

लिंडोमे गावात खुर्च्या करणारी घरं एकेकाळी शेकड्यांनी होती. अल्गोट निल्सनच्या पिढीपर्यंत ती संपत आली. त्यानेही जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलं. पण त्याच्या जेवणाच्या खोलीत पूर्वजांनी घडवलेल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या खुर्च्या होत्या, आणि त्यांच्यावर कुणी बसलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

"तोंडाने बसा म्हणतो आणि माणूस उठेपर्यंत त्याच्या ढुंगणाकडे बघत राहतो," त्याची बायको गुनवोर सांगायची.

मूळच्या खुर्च्या पाचच. अठ्ठेचाळीस साली गुनवोर लग्न होऊन आली तेव्हा घरात ती सहावी झाली, म्हणून तिच्या वाट्याला गोठ्यातलं दूध काढायचं बुटकं स्टूल आलं. टेबलाची कड तिच्या छातीशी यायची. ते बघून अल्गोटला घास गोड लागेना. मग त्याने वडिलांची पटाशी घेतली आणि दोन हिवाळे खपून तसलीच सहावी खुर्ची केली.

आता पन्नास वर्षांनी गुनवोरच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले. दोघांनी जवळच्या मोल्नदाल शहरात तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. बाजूच्या फळ्या मिटणारं टेबल तिथे मावत होतं. सहा खुर्च्या मावत नव्हत्या. म्हणून संग्रहालयातून मालिन नावाची तरुण बाई खुर्च्या बघायला आली.

तिने एकेक खुर्ची उलटी करून नीट पाहिली. अल्गोट तिच्या मागे मागे.

"माझे वडील सांगायचे," तो म्हणाला, "आपला राजा पॅरिसला गेला, तेव्हा तिकडे खुर्च्यांच्या वळणदार पायांची हौस फिटली होती. इटलीत जुनी गाडलेली शहरं उकरून काढलेली, त्यामुळे जो तो देवळांच्या खांबांच्या नादी लागलेला. राजाने ती हौस घरी आणली. म्हणून हे पाय असे सरळ, उभ्या खाचांचे."

"आणि सोन्याचा मुलामा परवडेना, म्हणून बर्चच्या लाकडाला मोतिया राखाडी रंग," मालिन हसून म्हणाली. "हिवाळ्यात मेणबत्तीच्या उजेडात खोली उजळायची."

"आमच्या लोकांनी कुठे देऊळ बघितलेलं? शेतकरी माणसं. बर्फ पडला की खुर्च्या करायच्या आणि गाडीत घालून गोथेनबर्गच्या बाजारात न्यायच्या. पाठीवर काय कोरायचं, तर राय धान्याची पेंढी. रोज हातात असायची ना."

मालिन सहाव्या खुर्चीपाशी थांबली. पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "ही मागाहूनची आहे."

अल्गोटचे कान लाल झाले. "कशावरून?"

"फारच चांगली आहे. या पाचांत कुठे नऊ कणसं, कुठे अकरा. बाजार गाठायचा होता त्यांना. हिच्यात एक रेघ हललेली नाही. ज्याने केली त्याला घाई नव्हती."

"घाई कसली," गुनवोर स्वयंपाकघरातून म्हणाली. "आधी खुर्ची होते की घटस्फोट, असं झालं होतं मला."

मालिनने अल्गोटकडे पाहिलं आणि तिला उलगडा झाला. मग तर तिला सहाही खुर्च्या हव्या झाल्या. गावातल्या हाताची शेवटची खूण म्हणून ती सहावी काचेमागे ठेवू, म्हणाली. अल्गोट सुखावला. तो हो म्हणणार, एवढ्यात गुनवोर हात पुसत दारात आली.

"ती त्याची नाही द्यायला. माझी आहे."

पाच खुर्च्या गेल्या. त्या घोंगड्यांत गुंडाळताना अल्गोट माणसांना सतरा सूचना देत होता, आणि गाडी वळल्यावर बराच वेळ अंगणात उभा होता.

नव्या घरात पहिल्या दिवशी टेबल खिडकीशी लागलं. गुनवोर आपल्या खुर्चीवर बसली. अल्गोटने समोर बागेतली घडीची खुर्ची ओढली आणि तो एवढा खाली गेला की बशीत काय आहे ते त्याला मान उंचावून बघावं लागलं.

गुनवोर पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "एक कर अजून."

"सत्त्याहत्तर वर्षांचा आहे मी. हात थरथरतात."

"मग थरथरत कर."

इमारतीच्या तळघरात एक सामायिक कामाची खोली होती. तो रोज तिथे जाऊ लागला. मापं घ्यायला नाश्ता होताच गुनवोरची खुर्ची खाली न्यायचा, त्यामुळे उरलेली कॉफी तिला उभ्याने प्यावी लागायची. "पन्नास वर्षांनी पुन्हा खुर्ची गेली माझी," ती शेजारणीला सांगायची. पण संध्याकाळी हळूहळू खाली जाऊन काम किती झालं ते बघून यायची. एका पायावर पटाशी घसरली आणि खाच तिरकी गेली. त्याने तो पाय फेकायला घेतला. तिने हातातून काढून घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "तो भिंतीकडे येऊ दे." रंग तिनेच कालवला. पहिला निळसर निघाला. मग चिमूटभर पिवळी माती घालून तिने हवा तो आणला.

मे महिन्यात खुर्ची वर आली. गुनवोरने खारवलेली हेरिंग मासळी, नवे बटाटे आणि वर भरपूर शेपू असं वाढलं. दोघं पहिल्यांदाच त्या घरात समोरासमोर, एका उंचीवर बसली. अल्गोट जरा सावरून बसला, तर खुर्ची किंचित डुलली.

"कानस आणतो," तो उठू लागला.

"बस," गुनवोर म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "गार होतील."