धुरीचा मान

देवीच्या घळीच्या तोंडाशी पेंढ्याचा ढीग रचलेला, त्याला टेकून उदाची तीन पोती, आणि सारा गाव काशीच्या हातातल्या पितळी धुपाटण्याकडे पाहत उभा. धुपाटण्यातून धूर येत नव्हता. खालच्या खाणीतली यंत्रंही जत्रेपुरती बंद होती. त्यामुळे गर्दीतली शांतता अधिकच उघडी पडली होती.

शेवटी बुधाजी पुढे झाला. गावकीत त्याच्याच शब्दाला वजन.

"काशी, इस्तू कुठं हाय?"

"न्हाय आनला."

"इसरलीस?"

"चूलच पेटवली न्हाय आज. च्या ग्यासवर केला."

"म्हंजी देवीला आता सिलिंडर चढवायचा व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. हसू उमटलं आणि जागच्या जागी विरलं.

चैत्रातल्या या दिवशी घळीत पहिला धूर काशीच्या चुलीतल्या विस्तवाचा. तो होण्याआधी दुसऱ्या कुणी काडी ओढायची नाही, ही पिढ्यांची रीत. नवरा गेला, शेत वाटण्यांत गेलं. मान तेवढा उरला होता. सासऱ्याच्या वेळी चिमूटभर ऊद पुरत असे. मग पेंढा आला, एकदा पोरांनी टायरही जाळला. आतली वटवाघळं जितकी सैरभैर, तितकी घळ शुद्ध, असं गाव मानू लागलं. दुसऱ्या दिवशी झाडलोटही काशीच्याच घराची. गेल्या वर्षी तिच्या केरसुणीपुढे अंगठ्याएवढी पिल्लं आली होती. त्यांतलं एक आईच्या छातीला घट्ट धरून होतं, आणि दोघंही गार.

यंदा माघात मृणाल नावाची मुलगी वटवाघळांच्या अभ्यासासाठी आली. घळीच्या छताकडे नजर जाताच तिचा आवाज खाली उतरला, निजलेल्या घरात उतरतो तसा. "काकी, ही जात आता मोजक्याच गुहांत उरलीय. जत्रेनंतर सरकारी माणसं पाहायला येतील. ही इथं दिसली, तर खाणीला हा डोंगर फोडता येणार नाही."

खाणीचा सुपरवायझर हितेश गर्दीतून वाट काढत आला. "काकी, टेन्शन कशाला? ऊद आपल्याकडून. देवीचं काम आहे."

"खान चालू झाल्यापास्नं देवीला येक नारळ न्हाय दिलात, हितेशभाऊ," काशी म्हणाली. "आन् सरकारी मानसं यायच्या तोंडावर तीन पोती ऊद?"

गर्दीत कुजबुज झाली. हितेशने मोबाइल काढून पाहिला. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आमी लावू काडी," बुधाजी म्हणाला.

"लाव की. मग उद्या कुनाची व्होडी उलटली, कुनाचं पोर तापलं, तर लोक तुज्या दारात येतील. माज्या न्हाय."

बुधाजीचा हात खिशापर्यंत गेला आणि रिकामाच परत आला. "मंग ऐक. पुढल्या वर्सापास्नं धुरीचा मान तुज्या घराचा न्हाय."

"न्हाय तर न्हाय. यंदाचा माजा हाय," काशी म्हणाली, आणि रिकामं धुपाटणं मांडीवर घेऊन त्या पेंढ्यावरच बसली.

माणसं एकेक करून उतरू लागली. जाताना हितेश तिच्या मुलापाशी थांबला. "गणराज, उद्यापासून डंपरवर येऊ नको."

उतार मोकळा झाला, तरी गणराज करवंदीच्या जाळीशी उभाच होता. मग तो वर आला.

"आये, मान गेला. कामबी गेलं. कशापायी? चार वटवाघळांपायी?"

"वर बघ."

खाडीवर उजेड मावळत होता. घळीतून आधी एक सावली सुटली, मग दहा, मग अंधाराचाच एक झरा आवाज न करता वाहू लागला. त्यांतल्या कित्येकींच्या छातीला काहीतरी इवलंसं बिलगलेलं होतं. एक इतकी जवळून गेली की गणराजच्या कपाळावरचे केस हलले. तो मागे सरला नाही.

काशी धुपाटणं खाली ठेवून गुडघ्यावर हात देऊन उठली, पदराला चिकटलेल्या काड्या झटकल्या.

"घरी जाऊन चूल पेटवते आता," ती म्हणाली. "येशील ना जेवायला?"

गणराजने खाली वाकून धुपाटणं उचललं आणि तो उतरू लागला. त्याचा बाप धरायचा तसं दोन्ही हातांनी, अंगापासून दूर, आत विस्तव असल्यासारखं.