वेणी सोड गो पोरी

उन्नतीची वेणी इतकी लांब होती, की ती दारात उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीस करायची तेव्हा वेणीचं टोक मागं स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेलं असायचं. खोटं वाटत असेल तर एव्हरशाईन सिटीत कुणालाही विचारा. न्हाऊन ती केस वाळवायला गॅलरीत बसली, की खालच्या मजल्यावर भरदुपारी दिवे लावावे लागायचे.

आणि ही वेणी रोज सकाळी घालायची कुणी? थोरल्या बहिणीनं, क्षितिजानं. आई विनयाला डब्यांची घाई, म्हणून लहानपणापासून ते काम तिच्याकडेच आलेलं. ती पेड गुंफायला बसायची आणि प्रत्येक पेडाला मनात म्हणायची, हा माझा, हाही माझा, हाही माझाच असायला हवा होता.

कारण तिच्या स्वतःच्या डोक्यावर, भांगाच्या जरा मागं, चाई पडली होती. आधी रुपयाएवढी, मग पुरणपोळीएवढी... बरं, पुरणपोळी जास्त झाली. पाणीपुरीच्या पुरीएवढी म्हणा. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. येतीलही केस परत, घाई करू नका." पण मुलगी लग्नाची झाली की घाई सगळ्या गावाला असते.

त्यातून आपल्याकडची ती रीत. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, की मुलाकडची एक जाणती बाई उठते, मुलीच्या मागं जाते, वेणी सोडते आणि केसांतून हात फिरवते. दाट की विरळ, खरे की गंगावन. मुलीला विचारायचं नसतं. बाजारात वांगं दाबून बघताना वांग्याला कोण विचारतं?

मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं. त्या बाईंचा हात फिरता फिरता चाईवर येऊन थांबला. तेवढ्यात उन्नती पाण्याचे ग्लास घेऊन आली आणि बाई म्हणाल्या, "ही धाकटी का? हिचं बघताय का कुठं?"

त्या दिवसापासून क्षितिजा वेणी घालताना जरा जास्तच ओढायला लागली.

"ताई, दुखतंय गं!"

"एवढे केस मिरवायचे तर थोडं दुखणारच."

आता परेशचं स्थळ आलं. सातिवलीत त्याचा खोकी बनवायचा गाळा होता, मुलगा सरळ होता. पण बघायला येणार होती त्याची धोंडूआत्या, चिंचोटीची. ही बाई म्हणे केसाला बोट लावून सांगायची, की मुलीनं गेल्या दिवाळीत चकल्या किती खाल्ल्या. विनयाची झोप उडाली. तिनं क्षितिजाला धरून नेलं ते अँजेलिनाच्या पार्लरमध्ये. अँजेलिना मशीननं भुवया गोंदायची. हे दोन हजार आठ साल, तेव्हा तेही नवलच होतं.

"भुवई रंगवतेस, मग डोकं का नाही?" विनयानं विचारलं.

"रंगवीन ना आंटी. पण केस उगवणार नाय हां. बारीक बारीक ठिपके मारीन. लांबून केसांची मुळं वाटतील, पांढरी कातडी दिसणार नाय, एवढंच. आणि वर तेल घालू नका. चमकेल."

सुई टोचायला लागली आणि क्षितिजाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अँजेलिनानं मशीन थांबवलं. "दुसऱ्या पण येतात माझ्याकडे. स्वतःला बरं वाटावं म्हणून करतात, आरशात बघतात नि हसतात. तू कोणासाठी करतेस गं?"

"येणाऱ्या बाईसाठी," क्षितिजा म्हणाली.

काम मात्र झकास झालं. खपल्या पडून गेल्यावर लांबून बघणाऱ्याला चाई ओळखू आली नसती. क्षितिजा आरशापुढून हलेना. पण मग आरशात मागून उन्नती गेली, तिच्या मागून तिची वेणी गेली, जातच राहिली, आणि क्षितिजाचं तोंड पुन्हा कडू झालं.

बघायच्या दिवशी तिनं आईला बजावलं, "ही घरात असेल तर मी बाहेर येणार नाही."

उन्नती शेजारच्या ऑगस्टीन अंकलच्या घरी जाऊन बसली.

आणि विनयानं काय केलं? सवयीनं वाटी घेतली नि थोरलीच्या डोक्यावर खोबरेल तेल ओतलं.

"आई, अँजेलिनानं नको सांगितलंय!"

"बिनतेलाची वेणी? घरात सुतक आहे असं म्हणतील लोक!"

पाहुणे आले. परेश पंख्याखाली बसला, आणि क्षितिजाला दिसलं त्याचं डोकं. कानांच्या वर चार-दोन केस पाहुणे आल्यासारखे, बाकी सगळं लख्ख. त्यानं रुमाल काढला, सगळ्यांदेखत टाळू पुसली, रुमाल खिशात घातला आणि पोहे खायला लागला. त्याला कोणी काही म्हणालं नाही. धोंडूआत्याच कौतुकानं म्हणाली, "आमच्यातल्या बाप्यांचं लवकरच जातं. डोकं चालतं ना जास्ती!" सगळे हसले. परेशही हसला.

क्षितिजाला आजवर उन्नतीचा हेवा वाटायचा. पण त्या टकलाचा जो हेवा वाटला, तसा आयुष्यात कशाचा वाटला नव्हता. काय निवांत बसलं होतं ते! कसलं भय नाही, कसली लपवाछपवी नाही, वर वारा घेतंय.

"वेनी सोड गो पोरी," म्हणत आत्या मागं आली. बोटं केसांत शिरली, वर सरकली आणि तेलावरून सटकन घसरली. आत्यानं पुन्हा चाचपलं. थुंकी लावून चोळलं.

"ह्ये काय गो? केस दिसतान, पन हाताला लागत नाय!"

विनया पदराचं टोक चावत राहिली. आत्या कपाळाला आठ्या घालून गॅलरीकडे वळली, आणि शेजारच्या गॅलरीत कान देऊन उभ्या असलेल्या उन्नतीची वेणी तिला दिसली.

"ती कोनाची?"

"धाकटी आमची," विनया पुटपुटली.

"मंग तीच द्या की! आमाला ती चालंल."

पुन्हा तेच! क्षितिजाच्या अंगाची आग झाली. मोकळ्या केसांनी ती उठली. बिचाऱ्या विनयाला वाटलं, ही आता जाऊन उन्नतीची वेणीच कापते. पण क्षितिजा गेली परेशच्या मागं.

"जरा मान खाली घाला."

त्यानं घाबरून घातली. तिनं टाळूवरून हात फिरवला, मागून पुढं, सावकाश, अगदी जाणत्या बाईसारखा.

"आत्या, इथं तर दिसतही नाहीत आणि लागतही नाहीत."

परेश लाल झाला, तो पार टाळूपर्यंत.

"बाप्याचं कोन बघतंय?" आत्या ओरडली.

"तेच म्हणतेय मी. त्यांचं कोणी बघत नाही, म्हणून ते पोहे खातात. माझं तुम्ही चाचपणार, म्हणून मी डोक्यात सुया टोचून घेतल्या. हे ठिपके माझे नाहीत आत्या, तुमच्या बोटांचे आहेत. आणि माझी बहीण म्हणजे दुकानातलं दुसऱ्या रंगाचं पातळ नाही, हे नको तर ते दाखवा म्हणायला. तीही मिळणार नाही."

"आत्या, चल," परेश हळूच म्हणाला. "बरोबर बोलतायत त्या."

आत्या गेली ती जिना दणाणत. तिच्या पावलांनी खालच्या मजल्याचं प्लास्टर पडलं म्हणतात.

विनया खूप रडली. मग उठली आणि पदरानं क्षितिजाच्या डोक्यावरचं तेल पुसायला लागली. "दुखलं होतं का गं तेव्हा?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पुढं उन्नतीला बघायला माणसं आली, तेव्हा मुलाची मावशी वेणीकडे सरकताच विनयाच आडवी आली. "आधी मुलाचं डोकं बघू." मावशी चहा न पिताच गेली, पण मुलगा थांबला आणि त्यानं मान खाली घातली. तुमच्या घरातून कोणी मुलगी बघायला निघालं असेल, तर निघायच्या आधी एवढं ठरवा, की तिथं आपले हात कुठं ठेवायचे.

उन्नतीच्या लग्नाच्या सकाळी वेणी क्षितिजानंच घातली. पेड गुंफता गुंफता तिनं एक जरा जोरात ओढला.

"आई गं! ताई!"

"चुकून," क्षितिजा म्हणाली. चुकून बिकून काही नव्हतं.