लिंक नसलेली बाई

दर शनिवारी मी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला जाते. एकवीस वर्षांचा नेम आहे. देवळाच्या वाटेवर जहांआरा रुईच्या पानांच्या माळा विकते, मी तिच्याकडूनच घेते. दोन वर्षांपूर्वी तीन दिवस पावसाची झड लागली होती, त्यात तिच्या घराची भिंत खचली आणि तिची सहा वर्षांची मुलगी लुबना त्या भिंतीखाली गेली. तो शनिवारच होता. मी पोचले तेव्हा जहांआरा पोरीला मांडीवर घेऊन चिखलात बसली होती. मी शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. गर्दीत कुणीतरी मोबाइल काढून फोटो घेतला. मला संताप आला होता, पण तेव्हा बोलण्यासारखी वेळ नव्हती.

तोच फोटो गेल्या आठवड्यात मला 'विश्ववेध'वर दिसला.

'विश्ववेध' हा आमच्या शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. चारशे बारा माणसं. अॅडमिन नानासाहेब, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जगात कुठं युद्ध पेटलं, कुठं सरकार पडलं, सगळं तिथं येतं. सोबत लिंक नसली की पोस्ट उडवतात. मला त्या नियमाचं कौतुकच होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या थापांना विटून मी तिथं गेले होते आणि तीन वर्षं एक अक्षर न लिहिता नुसती वाचत होते.

फोटोखाली कुठल्याशा परदेशी वेबसाइटची लिंक होती. ग्रुपातली एक बाजू म्हणत होती, बाँबहल्ल्यात लेकरू गेलेली ही आई. दुसरी बाजू म्हणे, पैसे देऊन रडायला बसवलेली नटी. दोन दिवसांत दोनशे मेसेज. अतुल म्हणून एक इंजिनिअर आहेत, त्यांनी जहांआराच्या डोळ्यांभोवती लाल गोल काढून लिहिलं होतं, "अश्रू दिसत नाहीत. नीट निरीक्षण करा." त्याला चाळीस अंगठे आले होते.

त्या फोटोच्या कडेला कापून राहिलेली हिरव्या काठाची बाही दिसते, ती माझी.

जहांआराला मी सांगणार नव्हते. पण तिच्या दिरानं, फारूखनं, तिला दाखवलाच होता. शनिवारी तिनं माळ दिली नाही, मोबाइल पुढं केला.

"ताई, नटी म्हंजे सिनेमातली तीच ना?"

हा फोटो आमच्याच ग्रुपवर फिरतोय, हे मी तिला सांगून टाकलं.

"मी काय फोटो काढून टाका म्हणत नाय. तुमी त्या ग्रुपात हाय ना? त्यांना एक लाइन लिवायला लावा. ही लुबनाची अम्मी आहे. बस. मेरी बच्ची का नाम आना चाहिए."

रविवारी पूजा, पोथी आटोपून मी तिला क्रांती चौकाजवळ नानासाहेबांच्या फ्लॅटवर घेऊन गेले. अतुल तिथंच बसलेले. मी सगळं सांगितलं. नानासाहेबांनी चष्मा वर केला, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा जहांआराकडं.

"विशाखाताई, भावना समजतात. पण आपल्याकडं लिंक लागते. त्या वेळी पेपरात काही?"

"चार ओळी होत्या. भिंत कोसळून बालिका ठार. नाव नव्हतं."

"बघा. म्हणजे पुष्टी होत नाही."

"मी तिथं होते ना! ही बाही माझी आहे. बाँब पडतात त्या देशात इरकली काठाचं पोलकं कोण घालतं?"

"एडिटिंगमध्ये काहीही जोडता येतं, काकू," अतुल म्हणाले. फार गोड आवाजात म्हणाले. "तुम्ही खोटं बोलता असं नाही हं. पण वैयक्तिक सांगणं म्हणजे सोर्स नव्हे."

"मग ही कोण बसली आहे तुमच्यासमोर?"

"तेच तर पडताळू ना. सोपं आहे. यांचा एक फोटो घेऊ, त्याच अँगलनं. चेहरा जुळवून बघतो. बाई, जरा खाली बसता का?"

आणि जहांआरा बसली. हो, बसली! पोरीचं नाव येईल या आशेनं ती फरशीवर मांडी घालून बसली, ओढणी तशीच मागं सारली आणि रिकाम्या मांडीवर दोन्ही हात ठेवले.

"असं? का मान आजून खाली घालू?" तिनं विचारलं. "साहेब, रडायचं पण का?"

अतुल मोबाइल धरून म्हणाले, "थोडं डावीकडं."

"खबरदार!"

तो आवाज माझा होता. सुरेखावहिनी, नानासाहेबांची बायको, दुधाचं पातेलं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"ऊठ जहांआरा! दोन दिवस हिला नटी म्हणालात, आणि आता तुम्हीच तिला नाटक करायला बसवता? मेलेल्या लेकराची मांडी करून दाखव म्हणता? हजार कोसांवरची कुणी न पाहिलेली वेबसाइट खरी, आणि पुढ्यात बसलेली आई खोटी! लाज वाटू द्या थोडी."

सुरेखावहिनींनी पातेलं खाली ठेवून जहांआराला हात देऊन उठवलं. "अहो, काढा ते आधी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नानासाहेबांनी पोस्ट काढली. "पण नाव टाकणार नाही, ताई. पुराव्याशिवाय तेही नियमात बसत नाही."

आम्ही जिना उतरत होतो तोवर मोबाइल वाजला. "सोर्स अपुरा असल्याने पोस्ट हटवली आहे. – अॅडमिन." लगेच खाली फुलं, टाळ्या, "नानासाहेब, तुमच्या सचोटीला सलाम!"

मी जिन्यातच थांबले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिथं लिहिलं. 'ती नटी नव्हे. ती खुलताबादची जहांआरा. मांडीवर तिची मुलगी लुबना. मी शेजारी होते.' लिंक दिली नाही. कुठली देणार?

कुणीकुणी वाचलं ती नावं एकेक करत येत होती. जहांआरा वाकून बघत होती. नऊ झाली, आणि मेसेज उडाला. मागोमाग मीही उडाले.

"तुमाला बी काढलं?"

"काढलं."

"नऊ लोक..." ती बोटं मोजत म्हणाली. "मयतीला शहरातून तुमी एकट्याच होता, ताई. आता नऊ झाले."

तिला नऊ पुरले. मला पुरत नाहीत. उरलेले चारशे दोन जण सचोटीला सलाम करून दुसऱ्या देशाच्या बातमीकडं वळले असतील. म्हणून इथं नावासकट लिहिते आहे. लुबना, वय सहा, राहणार खुलताबाद. कुणाला लिंक हवीच असेल, तर शनिवारी सकाळी देवळाच्या वाटेवर यावं. तिची आई तिथं बसते. फोटो मात्र काढू नये.