चौथा कॅमेरा

पुंजाराम स्टुलावर चढला. ज्या कपाटासमोर उभं राहून त्यानं अठ्ठावीस वर्षं साड्या दाखवल्या होत्या, त्याच कपाटाच्या माथ्यावर त्यानं हातातला कॅमेरा धरला. खाली जालन्याहून आलेला कॅमेरेवाला संपत छोट्या टीव्हीत बघत होता. तो म्हणाला, जरा डावीकडे. पुंजारामनं डावीकडे केला. आता टीव्हीत त्याची स्वतःचीच उभं राहायची जागा दिसू लागली. बराबर बसला, म्हणत तो खाली उतरला.

वडीगोद्रीच्या ह्या कापड दुकानात महिनाभरात आलेला हा तिसरा कॅमेरेवाला. पहिल्याचा भाव ऐकूनच मालकाच्या मुलानं, रामनिवासनं, चहा पाजून त्याची बोळवण केली होती. दुसऱ्याच्या टीव्हीत माणूस आणि खांब सारखेच दिसत होते. आता रामनिवासला ह्या प्रकरणाचाच कंटाळा आला होता. रंगीत घ्यावा की काळा-पांढरा, चित्र किती दिवस राहील, दिवसातले आठ-दहा तास लाईटच नसते त्याचं काय, हे सगळं तो विचारायचं म्हणून विचारत होता. संपत इन्व्हर्टरचं समजावत राहिला. रामनिवास मान हलवत राहिला.

कॅमेरे चार घ्यायचे एवढं ठरलं. एक दारावर, एक मागच्या गोदामात, एक पुंजारामच्या कपाटावर. ही तिसरी जागा रामनिवासनं कुणाला न विचारता सांगितली होती आणि सांगताना तो रस्त्याकडे बघत होता. गेल्या पंचमीपासून दुकानातल्या साड्या कमी भरत होत्या. कधी दोन, कधी चार. साड्यांना हात लागायचा तो पुंजारामचा. रामनिवास लहानपणी ह्याच माणसाच्या खांद्यावर बसून बाजार हिंडला होता, त्यामुळे तोंडावर काही बोलायचा त्याला धीर होत नव्हता. फक्त दिवाळीपासून त्याच्या बोलण्यातून 'काका' गळालं होतं. पुंजारामला ते रोज ऐकू येत होतं.

साड्या कुठं जातात ते पुंजारामला ठाऊक होतं. गावातली लेक माहेरपणाला आली की दुकानाची पायरी चढायची आणि गादीवरचे बाबूजी, रामनिवासचे वडील, तिला एक खण द्यायचे. अमृतलाल बाबूजींचा हा पन्नास वर्षांचा रिवाज. गावची लेक ती आपली लेक, बस. गावातली कुठली मुलगी कुणाची, कुठल्या गावाला दिली, सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. आता मात्र खणाच्या जागी साडी जायला लागली होती. सोमवारी दिलेली बुधवारी आठवत नव्हती आणि समोरच्या पोरींमध्ये बाबूजींना त्या पोरींच्या आया दिसत होत्या. पुंजाराम एका शब्दानं हे सांगून मोकळा झाला असता. पण रामनिवास वर्षभर म्हणत होता की बाबूजींना आता जालन्याच्या घरी ठेवावं, उगी दगदग. गादी सुटली तर हा माणूस महिनाभरही टिकायचा नाही, हे पुंजारामला स्वतःच्या वयावरून कळत होतं. म्हणून तो चोर ठरायला तयार झाला होता. तयार झाला होता, पण त्यातून त्याची झोप मात्र गेली होती.

"चौथा कुठं लावायचा?" संपतनं विचारलं. "गल्ल्यावर लावतेत सगळे. म्हणजे ह्या गादीवर."

"तिथं कशाला?" पुंजाराम लगेच म्हणाला. "तिथं बाबूजी असतेत. मागच्या दाराला लावा."

रामनिवासनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. संपतनं सगळं दुकान एकदम कसं दिसतं ते दाखवायला कॅमेरा मधल्या खांबाच्या खिळ्याला अडकवला. तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक तरुण बाई पायरी चढून आत आली.

"कोण? दुर्गा का?" गादीवरून बाबूजी म्हणाले. "भुजंगाची दुर्गा?"

"दुर्गाबाई माझी माय, बाबूजी. मी आजोळी आल्ते."

"अस्सं, अस्सं." बाबूजींनी पोराच्या गालाला हात लावला. मग मागं वळून त्यांनी थप्पीतली एक साडी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "घे दुर्गे. भुजंग बरा हाय ना?"

तिच्या आज्याला, भुजंगाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. बाई क्षणभर घुटमळली. तिनं पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामनं दोन बोटं हलवून खूण केली, राहू दे.

"बरे हायत," ती म्हणाली. वाकून बाबूजींच्या पाया पडली आणि पायरी उतरून गेली.

रामनिवास हे सगळं टीव्हीत बघत होता. गादी त्याच्यापासून चार हातांवर होती, पण त्याची मान काही वर झाली नाही. टीव्हीत बाबूजींचा हात दिसला होता, साडी दिसली होती आणि पुंजारामची दोन बोटंही दिसली होती. असल्या किती खुणा आपल्या पाठीमागे झाल्या असतील, ह्या विचारानं त्याला आपल्या संशयाची शरम वाटली.

"ते काय लावून राह्यले रे?" बाबूजींनी विचारलं.

"कॅमेरा, बाबूजी," संपत म्हणाला. " दुकानात काय झालं ते ह्यात राहतं. पंधरा दिवस मागचं बघता येतं."

बाबूजींनी गुडघ्यावरचं धोतर दोनदा नीट केलं.

"मंग त्याचं तोंड माझ्याकडं करा," ते म्हणाले. "रामनिवास, सांजच्याला मला दाखवत जाय. कोण आल्तं, कोणाला काय दिलं. आजकाल ध्यानात राहत न्हाई. पुंजारामला विचारलं तर ह्यो बराबर सांगत न्हाई."

पुंजाराम स्टूल उचलून गादीसमोर घेऊन आला. संपतनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. पुंजाराम वर चढला तसं स्टूल डगमगलं. रामनिवासनं पुढं होऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

"जपून, काका," तो म्हणाला.

पुंजारामनं खाली पाहिलं नाही. त्यानं कॅमेरा बाबूजींवर आणला. बाबूजींनी टोपी सरळ केली आणि फोटोला बसल्यासारखे ते ताठ बसले.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा मंद होत थांबला, टीव्ही काळा झाला. आता काही दिसत नाही, हे बाबूजींना कुणी सांगितलं नाही. ते तसेच कॅमेऱ्याकडे बघत बसून राहिले आणि पुंजाराम तो तसाच धरून उभा राहिला.