टिकलीखालचा दिवा

कृष्णरावांनी गाडी विकायला काढली, त्या दिवशी वसुंधराबाईंच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या होत्या, इंदूरच्या सुदामा नगरच्या गल्ल्यांतून राणीसारख्या हॉर्न वाजवत फिरत होत्या. गाडी गेली की अन्नपूर्णेच्या देवळात जायचं तरी नवऱ्याची मर्जी बघा.

कृष्णरावांचं म्हणणं, गाडी म्हातारी झाली, पेट्रोल ढोसते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवाही सदा पेटलेला. गिऱ्हाइकाला तो दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर बायकोचीच टिकली चिकटवली. आरशावरची मोठी मरून रंगाची टिकली गायब झाली, तेव्हाच बाईंना सुगावा लागला.

दुपारी नवरा लवंडताच त्यांनी गाडी काढली, थेट बाबूराव मिस्त्रीकडे. त्याने सांगितलं, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर गेलाय. तो धूर हुंगतो, म्हणून गाडीला कळतं पेट्रोल किती प्यायचं. गंजून बसलेला तुकडा तेल पाजून, पाना लावून, चार शिव्या देऊन निघाला. काजळीने काळाठिक्कर. नवा बसला, दिवा विझला. बाई गुणगुणत परतल्या:

नाक बुजलं गं बुजलं, माझ्या गाडीबाईचं,
प्याली तेल घटाघटा, नाव झालं वयाचं.

टिकली मात्र जागची हलवली नाही.

संध्याकाळी गाडी बघायला हृषीकेश आला, नोकरीसाठी पुण्याहून नुकताच आलेला. एक चक्कर मारून खूश झाला, आणि गाडी चालू असतानाच त्याचं बोट टिकलीवर गेलं.

"काका, हे काय?"

नजर लागू नये म्हणून, असं कृष्णराव पुटपुटले. त्याने टिकली उचकटली. खाली अंधार.

"अरे भिया, हा विझला कधी?" कृष्णराव बोलून गेले.

"म्हणजे पेटलेला होता?"

दिवा लपवायला यांनी वायरच कापली असणार, ही शंका पोराच्या चेहऱ्यावरच उमटली. बाई एका शब्दात उलगडा करू शकल्या असत्या. पण त्या पोह्यांवर शेव भुरभुरण्यात गुंतल्या होत्या. त्याने पोहे संपवले, विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला.

कृष्णराव एकटेच गाडी घेऊन फिरून आले. गाडी लोण्यासारखी चालत होती.

"कधी केलंस हे?"

"तुम्ही घोरत होतात तेव्हा."

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग विचारलं, "मंगळवारी अन्नपूर्णेला जायचंय ना?"

"जायचंय. सरका तिकडे, चालवणार मी."

आणि डॅशबोर्डवर पडलेली टिकली उचलून बाईंनी कपाळाला लावली.