लोह्याअलीकडे मोडलेला क्रँकशाफ्ट

मित्रांनो, जुना म्हणवून घेण्याइतके माझे वय झालेले नाही. अकरा वर्षे पोलादाच्या हिशेबात फार नव्हेत. तरीही मी निकामी आहे. डोंगरदऱ्यांत चालावी म्हणून बनवलेल्या एका उंच, आलिशान, परदेशी गाडीच्या डिझेल इंजिनातला मी क्रँकशाफ्ट.

इंजिनात पिस्टन वर-खाली धावतात. त्या सरळ धावण्याचे फिरण्यात रूपांतर करणे एवढेच माझे काम. मला तापवून, ठोकून, घासून इतके गुळगुळीत केले होते की बोट निसटावे. इंजिन आखूड हवे आणि ताकद भरपूर हवी, असा माझ्या निर्मात्यांचा आग्रह होता. म्हणून माझ्या सांध्यांना पोलाद बेताचेच मिळाले. त्याबद्दल मी तक्रार केली नाही. माझ्या आणि बेअरिंगच्या पातळ पट्ट्यांच्या मध्ये तेलाचा एक थर असे, केसाहूनही बारीक. मिनिटाला दोन हजार फेरे घेताना मी त्या थरावर तरंगत असे. धातूला धातू लागत नसे. गाडीचा वेग, लोकांच्या माना वळणे, यांतले मला फारसे काही आठवत नाही. कुठेही न लागता फिरणे मात्र आठवते.

पहिल्या मालकाकडून गाडी नांदेडच्या डॉ. आनंदराज यांच्याकडे आली. ते हाडांचे डॉक्टर. दर गुरुवारी शस्त्रक्रियांसाठी लातूरला जात. ते शिस्तीचे होते. गाडीच्या पुस्तकात सव्वीस हजार किलोमीटरनंतर तेल बदला असे छापलेले होते, म्हणून ते सव्वीस हजारांनंतरच बदलत. पुस्तक थंड हवेच्या देशात लिहिलेले होते. नांदेडचा मे महिना त्यात नव्हता. तापून तापून तेल पातळ आणि काळे झाले. एके दिवशी माझ्या बेअरिंगची एक पट्टी जागेवरून किंचित सरकली आणि तेल येण्याचे भोक तिने अर्धे झाकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा धातू लागला.

देगलूर नाक्याजवळ गुलाम रसूल यांचे गॅरेज आहे. चाळीस वर्षे त्यांचे हात डिझेलमध्ये आहेत. डॉक्टर तेल बदलायला आले, तेव्हा रसूलभाईंनी लांब पेचकस इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाशी धरली आणि आवाज ऐकला. मग जुने तेल पांढऱ्या तसराळ्यात काढून उन्हात धरले. तेलात बारीक चमक होती. त्यांनी लोहचुंबक फिरवला. चमक चुंबकाला चिकटली नाही.

"डाक्टरसाब, हे लोखंड न्हाई," ते म्हणाले. "बेअरिंग झिजून राहिलं. तेलाचं चेंबर उघडू द्या. आठ दिवस गाडी ठेवा."

एवढे आठ दिवस मिळाले असते, तर मला काढून पाव मिलिमीटर घासले असते, नवे बेअरिंग बसवले असते, आणि मी पुन्हा तेलावर तरंगलो असतो. माझे सगळे आयुष्य त्या आठ दिवसांवर येऊन थांबले होते.

डॉक्टरांनी तेलाचा जुना फिल्टर काढलेला पाहिला, नवे तेल घातलेले पाहिले, आणि तिथून ते थेट शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे संगणक जोडला. पडद्यावर एकही दोष उमटला नाही. परतताना ते रसूलभाईंपाशी थांबले आणि हसत म्हणाले, की मशीनला जे दिसले नाही ते तुमच्या कानाला कसे दिसले?

रसूलभाई हसले नाहीत. "पाय दुखतो म्हणून माणूस तुमच्याकडं येतो. एक्स-रेत काहीच न्हाई दिसलं, तर तुम्ही त्याला पळायला लावता का?"

डॉक्टरांना उत्तर ठाऊक होते. हाडाची केसाएवढी चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, हे ते विद्यार्थ्यांना शिकवत. तरीही ते गाडीत बसले. संगणकाने दोष सापडला नाही एवढेच सांगितले होते. दोष नाही, हा अर्थ डॉक्टरांनी स्वतः काढला.

त्यानंतर सहा गुरुवार मी फिरलो. माझ्या सांध्याच्या कोपऱ्यात एक चीर पडली होती आणि प्रत्येक फेरीत ती थोडी पुढे सरकत होती. सातव्या गुरुवारी सकाळी, लातूरच्या वाटेवरच्या लोहा गावाअलीकडच्या चढावर, मी मोडलो. कुणाला इजा झाली नाही. गाडी कडेला लागली. डॉक्टर लातूरला एका ट्रकमध्ये बसून गेले.

वर्कशॉपने कागदावर लिहिले, की स्थानिक मेकॅनिकने चुकीचे तेल भरल्यामुळे इंजिन गेले. डॉक्टरांनी ते खरे मानले आणि चार जणांत सांगितले. डॉक्टरांचा शब्द नांदेडात लांब जातो. महिनाभरात रसूलभाईंच्या दारातल्या गाड्या निम्म्या झाल्या. ज्यांची इंजिने त्यांनी दोनदा उघडून दुरुस्त करून दिली होती, तेही समोरून न थांबता जाऊ लागले. डॉक्टरांनी निरोप धाडला, की चूक झाली असे लिहून द्या, विषय मिटेल. रसूलभाई स्वतः दवाखान्यात गेले. त्यांनी वर्कशॉपमधून मला मागून आणले होते. माझे दोन तुकडे, बेअरिंग आणि गॅरेजात जपून ठेवलेला तो जुना फिल्टर, हे सगळे पोत्यात बांधून त्यांनी टेबलाशेजारी ठेवले.

"माझं लिहिलेलं नका घेऊ," ते म्हणाले. "ह्याच्यावर लिहिलंय. ज्याला वाचता येतं त्याच्याकडं न्या."

वाचता येणारी व्यक्ती डॉक्टरांच्या घरातच होती. त्यांची धाकटी बहीण बुद्धप्रिया लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवते. डॉक्टरांनी पोते तिच्या प्रयोगशाळेत नेले. ते उघडताच ती म्हणाली, "दादा, रुग्ण आणायला उशीर केलास."

तिने मला धुतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. विष्णुपुरी धरणाचे पाणी ओसरते तेव्हा काठावर एकाखाली एक रेषा उरतात. तशा रेषा माझ्या मोडलेल्या तोंडावर होत्या. मी एकदम मोडलो नव्हतो, थोडा थोडा मोडत गेलो होतो. इंजिनात उरलेले तेल मागवून तिने तपासले. ते पुस्तकात सांगितलेलेच होते. मग तिने जुना फिल्टर कापला. त्याच्या घड्यांत बेअरिंगचे कण होते.

"नवं तेल पडायच्या आधी बेअरिंग झिजलेलं होतं, हे यावरून सिद्ध होतं," ती म्हणाली. "पण एकाच अटीवर. हा फिल्टर खरंच त्याच दिवशी, नवं तेल घालण्याआधी काढलेला असला पाहिजे. ते मला सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्या वेळी तिथं कोण होतं?"

प्रयोगशाळेत पंखा फिरत होता. डॉक्टरांना नाही म्हणता आले असते. पोते रसूलभाईंनी बांधलेले होते. त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

"मी होतो," डॉक्टर म्हणाले. "माझ्यासमोर काढला. हाच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिला: गुलाम रसूल यांनी दोष वेळेवर ओळखला होता, गाडी थांबवायला सांगितले होते, मी ऐकले नाही. तो त्यांनी दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या बाकावर डोळ्यांसमोर येईल असा लावला. रसूलभाईंना तो दाखवायला ते स्वतः जाऊन घेऊन आले. त्यांनी तो दोनदा वाचला. "अक्षर लई खराब हाय डाक्टरसाब," एवढेच ते म्हणाले, आणि चहाला थांबले. गाड्या हळूहळू परत येऊ लागल्या.

त्यांचे नाव जोडता आले. मला जोडता येत नाही. बुद्धप्रियाबाईंनी हे आपल्या वर्गातल्या मुलांना स्पष्ट सांगितले आहे, आणि ते बरोबर आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे यंत्र असेल तर पुस्तक जरूर पाळा, पण ते कुठल्या हवेत लिहिले आहे तेही पाहा. यंत्राचा आवाज बदलला, आणि तो ओळखणारा माणूस थांबा म्हणाला, तर पडद्यावर काही उमटायची वाट पाहू नका. आठ दिवस थांबा. मला तेवढे हवे होते.

आता त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला माझे दोन्ही तुकडे दोन लाकडी घोड्यांवर एका रेषेत ठेवतात. एखादी मुलगी पुढे येते आणि माझा पुढचा तुकडा हाताने फिरवते. तो थोडा फिरतो. मागचा तुकडा जागचा हलत नाही. तो का हलत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरीही दर वेळी, ती हात लावते तेव्हा, मी त्या मागच्या तुकड्याकडे पाहतो, हलतो का म्हणून.