मागच्या दाराची कडी

"विचारलं त सांगजो. नाही विचारलं त नुसता पाण्याचा गुंड उचलून देजो. पण एकदा सांगितलं का मंग त्या बाईले एकटी सोडून येजो नको."

प्रेमिलाची आई कन्हानच्या दवाखान्यात दाई होती. ख्रिस्ती धर्माची साक्ष कशी द्यावी, हे तिनं लेकीला एवढ्याच शब्दांत शिकवलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. प्रेमिला आता नागपुरात नर्स होती, लकडगंजच्या एका गल्लीत राहत होती आणि पहाटे इतर बायकांसारखीच नळावर रांगेत उभी राहत होती.

सत्तर-बहात्तर सालचा तो उन्हाळा. नळाची धार करंगळीएवढी. प्रेमिलाच्या पुढे गोपिकाचा गुंड होता. नवरा गेल्यापासून गोपिका लेकीला, कुंदाला, घेऊन जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी होती. नत्थूजींच्या त्या घराचं सगळं पाणी बारा महिने तीच भरी.

"आजपासून लग्नाच्या कामाले माह्या हातचं पाणी बंद," ती हळूच म्हणाली. "दारात मांडव पडला. कुंदाच्या हळदीचं पाणी सवाष्णी भरतीन. मी मागं लाकडाच्या कोठीत बसायचं, पोरीच्या नजरंस पडायचं नाही."

प्रेमिला नुसती पुढं सरकली. तिनं गुंड धरला.

"काहून वं प्रेमिला, तुमच्यात विधवेले पुढं बसू देतात?"

"माही माय पहिल्या बाकावर बसे. माह्या लग्नात तिनंच माह्या डोक्यावर हात ठेवला."

"अन् तुमच्या देवाले चालते?"

विचारलं होतं. प्रेमिलानं सांगितलं. "आमचा प्रभू येशू एकदा थकून विहिरीवर बसला. गावच्या बायका जिले आपल्यात घेत नोहत्या अशी एक बाई भर उन्हात एकटीच पाण्याले आली. त्यानं तिलेच पाणी मागतलं."

"तिच्या हातचं?"

"तिच्याच हातचं."

गोपिका धारेकडे पाहत राहिली. गुंड भरून वाहू लागला तरी तिला कळलं नाही.

"प्रार्थना नळावरच सुरू केली काय वं?" मागून यमुताई ओरडल्या. "पाणी भरू द्या आधी, स्वर्गात मंग जाऊ!" बायका खदखदून हसल्या.

त्या हशातच गोपिकानं प्रेमिलाचं मनगट धरलं. "हळदीच्या दिवशी येशील? त्या कोठीत एकटीनं बसवणार नाही मले."

"येईन."

बोलणं एवढंच. पण दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की गोपिकाला बाटवून राहिले. संध्याकाळी नत्थूजी प्रेमिलाच्या दारात आले. ओरडले नाहीत; उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सिस्टर, तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा. रामटेकच्या सोयऱ्याच्या कानावर गेलं त माह्या पोरीचं लग्न मोडन."

"भाऊजी, मी तिले धर्म सोड म्हटलं नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं."

"विचारलं तरी चूप राहायचं!"

"तिले तुमच्या घरात कोणी काही विचारलं असतं," प्रेमिला खालच्या आवाजात म्हणाली, "त तिनं मले काहून विचारलं असतं?"

नत्थूजी माणूस वाईट नव्हते. बापाविना पोरक्या कुंदाला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. ते खाली मान घालून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून गोपिकाला नळावर येण्याची बंदी झाली. त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं, रडतच कोठीची कडी बाहेरून लावली. "माह्या मनात नाही वं गोपिका. पण लोकं..." धर्म बुडेल म्हणून घाबरलेल्या त्या घरात, एका आईला सरपणात कोंडताना कोणालाच धर्म आठवला नाही.

प्रेमिलाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आपण बोललो आणि शिक्षा तिला झाली. गप्प राहिलो असतो तर निदान नळापर्यंत तरी ती मोकळी होती. आता गेलो तर कुंदाचं लग्न मोडेल? न गेलो तर ती विहिरीची गोष्ट खोटी पडेल. तिनं गुडघे टेकले. उत्तर आलं नाही. आईच्या त्या शिकवणीतलं शेवटचं वाक्य, 'एकटी सोडून येजो नको', तेवढं परत परत आठवत राहिलं.

हळदीच्या सकाळी सनई सुरू झाली. प्रेमिला साधं सुती लुगडं नेसली, तिनं थर्मासमध्ये चहा भरला. नत्थूजींच्या खिडकीत तिच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. आज तिनं स्वतःचे दोन कप पदरात गुंडाळले, दोन्ही एकसारखे.

गल्लीच्या तोंडाशी यमुताई भेटल्या. हिरवं लुगडं, मळवट भरलेला, हातात हळदीचं ताट. पाच सवाष्णींत त्यांचा पहिला मान होता. त्यांची नजर थर्मासवरून पदरातल्या कपांकडे गेली.

"तिकडंच चालली काय?"

"हो. शब्द देला होता."

यमुताईंच्या तोंडी टोमणा आला नाही. ताटातली हळद त्यांनी उगाच बोटानं सारखी केली.

"मांडवातून जाजो नको," शेवटी त्या म्हणाल्या. "मागच्या बोळीनं जा. घराच्या मागच्या दाराले आतून कडी असते. हळूच वाजवजो."

एवढं बोलून त्या पुढे झाल्या, मांडवाच्या दिशेनं, नेहमीपेक्षा भराभर.

ती कडी कोणी काढील की नाही, प्रेमिलाला ठाऊक नव्हतं. तिनं पदर खोचला, कप वाजू नयेत म्हणून पोटाशी धरले आणि ती मागच्या बोळीत वळली.